दाब सांगणारी बाटली

भाची आली की आधी माझ्या मासे आणि पाणवनस्पतींच्या टँकसमोर मांडी घालून बसते. एकदा तिने खालचं कपाटही उघडलं आणि आतली, टँकमधल्या झाडांसाठी वायू तयार करणारी दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली बघून नाक मुरडलं. लेबल काढलं होतं तरी त्याचा चिकट पट्टा तसाच होता. आत यीस्ट घातलेलं मातकट साखरपाणी, वर पिवळसर फेसाची कड, झाकणातून निघून वर गेलेली नळी. "मावशी, वर एवढं सुंदर जंगल आणि खाली हे? अजिबात शोभत नाही गं," म्हणाली. पुढच्या खेपेला येताना तिने एक काचेची बरणी आणली. जाड, किंचित हिरवट काच, रुंद तोंड, तारेची कडी आणि झाकणाखाली केशरी रबरी रिंग. उजेडात धरली की तळाशी एक बारीक हवेचा बुडबुडा दिसायचा, काचेत कायमचा अडकलेला. मला ती बरणी मनापासून आवडली. पण हिच्यात यीस्टचं मिश्रण भरणार नाही असं म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. "का? काच प्लास्टिकपेक्षा मजबूतच असते ना?" मी "फुटली तर पंचाईत होईल गं" एवढंच म्हणाले आणि बोलणं दुसरीकडे वळलं.

तो प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना.

कारण काच मजबूत असते हे खरंच आहे. शॅम्पेनच्या बाटलीत सहा वातावरणांच्या, म्हणजे साध्या हवेच्या दाबाच्या सहापटीच्या आसपास दाब असतो आणि ती वर्षानुवर्षं तळघरात पडून राहते. पण त्याच तळघरांमधून एके काळी कामगार चेहऱ्यावर लोखंडी जाळीचे मुखवटे घालून फिरत, कारण एक बाटली फुटली की तिच्या काचांनी शेजारच्या फुटत. साखर किती राहिली आहे याचा नेमका हिशेब तेव्हा कुणाला जमत नव्हता. यीस्ट आपलं काम करत राही, बाटली बाहेरून होती तशीच दिसे, आणि मग एकाएकी ती नसेच. 'मजबूत' या एका शब्दात हे सगळं मावत नाही. भाचीला द्यायचं उत्तर लांबलचक होतं आणि त्यासाठी आधी ते मलाच नीट मांडून बघायला हवं होतं.

ज्यांनी प्लांटेड (पाणवनस्पतींचा) टँक ठेवला आहे त्यांना सीओटूची, म्हणजे कार्बन डायऑक्साइडची, भूक काय असते हे सांगायला नको. दिवे चांगले, माती चांगली, खतं वेळेवर, आणि तरीही झाडं हिरमुसलेली. नवी पानं बारीक, जुन्या पानांच्या कडांवर शेवाळाची काळी लव. पाण्यात हा वायू हवेपेक्षा साधारण दहा हजार पट हळू पसरतो. पानाला चिकटलेल्या पाण्याच्या पातळ थरातला वायू संपला की दुसरा यायला वेळ लागतो. नुसत्या हवेच्या भरवशावर सोडलेल्या पाण्यात लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम सीओटू विरघळलेला राहतो, आणि आपल्याला हवा असतो वीस ते तीस. मधली ही दरी साखर, कोमट पाणी आणि चिमूटभर यीस्ट यांच्यावर भरून निघते, याचं मला अजूनही अप्रूप आहे. पहिल्यांदा रोटाला या पाणवनस्पतीच्या शेंड्यांवर ऑक्सिजनचे टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे धरले, एकेक सुटून वर जाऊ लागले, तेव्हा मी टँकसमोरून उठलेच नाही. दिवे बंद व्हायची वेळ झाली तरी तिथेच होते.

साखरेचा हिशेब कागदावर मांडला तर जरा दचकायलाच होतं. दोनशे ग्रॅम साखर यीस्टने पूर्ण फस्त केली, तर तिच्यातली जवळपास निम्मी वजनाने अल्कोहोल होते आणि निम्मी सीओटू. म्हणजे शंभर ग्रॅमच्या आसपास वायू. खोलीच्या तापमानाला आणि साध्या हवेच्या दाबाला त्याचं आकारमान पन्नास लिटरच्या वर जातं. प्रत्यक्षात यीस्ट त्याआधीच अल्कोहोलने दमतं, पण अंदाज यायला एवढं पुरे. दोनशे ग्रॅम साखरेच्या पोटात एवढा वायू दडलेला असतो आणि आपण ती दोन लिटरच्या भांड्यात बंद करतो. बाहेर जायला वाट असते ती चार मिलिमीटर पोकळीच्या नळीची. ती वाट मोकळी आहे तोवर ठीक.

शाळेतला एक प्रयोग आठवतो. बाटलीत साखरपाणी आणि यीस्ट घालायचं आणि तोंडावर फुगा ओढायचा. तास संपेपर्यंत काहीच होत नसे. मधल्या सुट्टीनंतर येऊन बघावं तर फुगा मान वर करून उभा. आम्ही त्याला बोटाने टिचकी मारायचो, तो डुलायचा. वायू दिसत नाही, त्याला रंग नाही, पण फुग्याने त्याला आकार दिला होता. किती झाला, वाढतोय की थांबला, हे फुग्याकडे बघून कळायचं. पुढे टँकसाठी बाटली निवडताना हा फुगा मला पुन्हा पुन्हा आठवला. सगळ्यात दणकट भांडं ते नव्हतंच. पण आत काय चाललंय ते सांगत होतं.

ही गोष्ट शाळेतल्या फुग्याहून बरीच जुनी आहे. जोसेफ प्रिस्टली हे इंग्लिश शास्त्रज्ञ १७६७ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सला राहायला गेले तेव्हा त्यांच्या शेजारीच एक बिअर गाळण्याचा कारखाना होता. तिथल्या फसफसणाऱ्या पिंपांवर हा जड वायू थर धरून राहतो हे त्यांच्या लक्षात आलं. त्या थरात भांडी धरून त्यांनी पाणी एकातून दुसऱ्यात ओतलं आणि पाण्याला आंबटसर झणका आला. मूळ यीस्टच. पुढे १७७२ मध्ये त्यांनी पाण्यात हा वायू कसा भरायचा याची पुस्तिका काढली, तेव्हा वायू खडू आणि आम्लापासून काढला आणि तो धरायला वापरलं डुकराचं मूत्राशय. आज ऐकायला विचित्र वाटतं, पण मला त्यातली अक्कल दिसते. मूत्राशय फुगतं, ढिलं पडतं, हाताने दाबता येतं. वायू किती आहे ते हाताला कळतं. थोड्याच वर्षांत जॉन मर्विन नूथ या डॉक्टरांनी तक्रार केली की असल्या पाण्याला मूत्राचा वास येतो, आणि त्यांनी संपूर्ण काचेचं, एकावर एक तीन भांड्यांचं देखणं उपकरण केलं. खालच्या आणि मधल्या भांड्यांच्या मध्ये त्यात एक झडप होती, वायू वर जाऊ देणारी पण पाणी खाली न सोडणारी. आपल्या नळीत असतो तो चेक व्हॉल्व्ह दुसरं काय करतो? म्हणजे लवचीक भांडं की काचेचं, हा वाद मी आणि माझी भाची घालायच्या अडीचशे वर्षं आधीच सुरू झाला होता, आणि दोन्ही बाजूंकडे आपापलं म्हणणं होतं.

नूथ यांची बाजू मलाही कळते. काच स्वच्छ असते, वास धरत नाही, घासली की नवी होते, आत काय चाललंय ते लख्ख दिसतं.

पण काच दिसू देते आणि दाबाबद्दल मात्र गप्प राहते. तिच्या स्वभावातच ते आहे. काचेला दाबलं तर ती पुष्कळ सोसते, ताणलं तर फार कमी. भांड्याच्या आतून वायूचा दाब आला की भिंत ताणली जाते, म्हणजे काचेची जी दुबळी बाजू तिच्यावरच भार येतो. त्यात घासताना वाळूचा एखादा कण लागून उमटलेला ओरखडा, कधीतरी सिंकच्या कडेवर बसलेला बारीकसा टोला. डोळ्यांना न दिसणारी अशी एखादी चीर तडा सुरू व्हायला पुरते. तडा सुरू झाला की काच मधे कुठे थांबत नाही. वाकणं नाही, फुगणं नाही, कुरकुरणं नाही. शॅम्पेनची बाटली टिकते कारण ती त्याच कामासाठी जाड आणि गोल घडवलेली असते, तळाला आत खोल खळगी दिलेली असते. बाजारातली सुबक बरणी त्या कामासाठी घडवलेली नसते.

शिवाय रुंद तोंड. हा मुद्दा मला वहीत आकडेमोड करेपर्यंत पुरता जाणवला नव्हता. झाकणाची आतली रुंदी दहा सेंटिमीटर धरली तर त्याचं क्षेत्रफळ होतं साधारण ७८ चौरस सेंटिमीटर. आत एक बार (साधारण एका वातावरणाएवढा) जास्तीचा दाब झाला की या झाकणाला वर ढकलणारा जोर ऐंशी किलोच्या वजनाएवढा होतो. एक धडधाकट माणूस झाकणावर आतून उभा आहे असं समजायचं. तोच एक बार कोल्ड्रिंकच्या बाटलीत झाला, तर तिचं तोंड आतून जेमतेम २२ मिलिमीटर असल्याने झाकणावर चार किलोच्या आसपास जोर येतो, आणि तो पेलायला आटे असतात. दाब तोच, वायू तोच, पण तोंड अरुंद आहे म्हणून काम वीस पट हलकं. कडीवाल्या बरणीची रबरी रिंग खरं तर याआधीच हार मानते आणि कडेने वायू सोडून देते. त्यामुळे बरणी वाचते, पण टँकमध्ये वायूचे बारीक बुडबुडे सोडणाऱ्या डिफ्यूझरपर्यंत काहीच पोचत नाही. रिंग नवी आणि घट्ट असली तर वायू थांबतो आणि काचेची परीक्षा सुरू होते. यातलं काहीही मला कपाटात नको आहे. त्याच कपाटात विजेचे अॅडॉप्टर आहेत आणि वर शेकडो लिटर पाणी.

कोल्ड्रिंकच्या बाटलीकडे मी आता आदराने बघते. रस्त्याच्या कडेला, कचऱ्याच्या ढिगात, गटारात ती इतकी दिसते की तिच्यात विचार ओतलेला आहे हे मनातच येत नाही. नॅथानिएल वायथ नावाच्या अभियंत्याने साबणाच्या प्लास्टिक बाटलीत जिंजर एल भरून ती फ्रिजमध्ये ठेवली होती, असं सांगतात. सकाळी बघतो तर बाटली फुगून दोन फळ्यांच्या मध्ये अडकून बसलेली. तिथून सुरू झालेलं काम १९७३ मध्ये पेट (PET) नावाच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या पेटंटपर्यंत गेलं. त्यातली युक्ती अशी की प्लास्टिक नुसतं साच्यात ओतायचं नाही. आधी आट्यांसकट एक जाड आखूड नळी करायची, ती गरम करून उभी ताणायची आणि आतून हवा फुंकून आडवीही ताणायची. दोन्ही दिशांनी ताणल्यावर आतले लांबलचक रेणू ओळीने बसतात आणि कागदाहून थोडीशीच जाड भिंत काही बारचा दाब सोसायला लागते. सोड्याच्या बंद बाटलीत खोलीच्या तापमानाला चार बारच्या आसपास दाब असतो आणि कडक उन्हात तो आणखी चढतो. आपल्या टँकचं मागणं त्यापुढे किरकोळ आहे. चाळीस सेंटिमीटर पाण्याखाली बुडबुडा सोडायला ०.०४ बार पुरतो. सिरॅमिक डिफ्यूझरच्या बारीक छिद्रांतून ढकलायला त्याहून बराच जास्त लागतो, पण तोही या बाटलीच्या आवाक्यातला.

तळाचं काय सांगू! उलटी धरून बघा, पाच पाकळ्या दिसतील. त्या शोभेसाठी नाहीत. आतून दाब आला की कोणताही सपाट तळ बाहेर गोल व्हायला बघतो, आणि गोल तळाची बाटली उभी राहत नाही. म्हणून तळ गोलच ठेवून त्याला पाच पाय काढले आहेत. साध्या पिण्याच्या पाण्याच्या बाटलीला हे पाय नसतात. ती बाहेरून रचलेल्या ओझ्यासाठी घडवलेली असते, आतल्या दाबासाठी नाही. तिच्यात मिश्रण भरून ठेवलं की दुसऱ्या दिवशी तळ टपकन बाहेर येतो, बाटली डुगडुगते आणि कलंडते. कलंडली की साखर आणि यीस्ट थेट नळीत. टँकचं पाणी दुधट होतं, कारण तिथल्या जिवाणूंना मेजवानी मिळते, आणि मासे वर येऊन तोंड उघडमीट करू लागतात. पाच लिटरच्या चौकोनी कॅनचंही असंच. मोठा कॅन म्हणजे जास्त दिवस चालेल हा विचार बरोबर वाटतो, पण सपाट बाजूंना दाब पेलवत नाही. त्या आधी फुगत राहतात, अर्धा वायू त्या फुगण्यातच जातो, आणि मुठीजवळच्या खोलगट जागेत घड्या पडून तिथे प्लास्टिक पांढरं व्हायला लागतं.

स्टीलची बाटलीही लोक सुचवतात. दिसायला सुबक, पडली तरी फुटत नाही. पण तिच्यात काहीच दिसत नाही. फेस कुठवर आलाय, यीस्ट तळाशी बसलं का, मिश्रण संपत आलं का, सगळा अंदाज. दाबली तर दबत नाही. आंबलेला रस बंद फ्लास्कमध्ये राहिला तर उघडताना बूच उडून डोळ्याला इजा होऊ शकते, आणि ते याच कारणाने. हाताला कळतच नाही की आत काय साठलंय.

माझ्या दृष्टीने निवड इथेच ठरते. भांडं किती दाब सोसतं एवढंच बघून चालत नाही, दाब वाढला की ते काय करतं तेही बघायला हवं. सायकलच्या टायरला अंगठा दाबून बघावा तशी मी कपाट उघडलं की बाटली दोन बोटांनी दाबते. नवं मिश्रण भरल्यावर पहिल्या दिवशी ती मऊ असते. मग कडक होत जाते आणि चांगलं काम चालू असताना बोटाखाली जेमतेम दबते. आठवड्याने-दोन आठवड्यांनी पुन्हा मऊ पडू लागली की साखर संपत आली किंवा यीस्ट थकलं. दगडासारखी टणक लागली आणि टँकमध्ये बुडबुडे मात्र दिसत नसले, तर डिफ्यूझर तुंबलेला आहे हे मला तिथेच कळतं. अशा वेळी मी झाकण पाव फेरा सैल करते. लांब फुस्स होतं, आंबूस गोडसर वास कपाटभर पसरतो, फेस वर चढायला लागला की झाकण पुन्हा आवळायचं, थांबायचं, पुन्हा सैल करायचं. या वेळी तोंड बाटलीवर आणू नये, फेस नळीत जाईल एवढी घाई करू नये. डिफ्यूझर ब्लीचच्या पाण्यात बुडवून, भरपूर धुऊन लावला की काम पुन्हा सुरळीत.

बाटलीइतकंच झाकण महत्त्वाचं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. झाकणाचं प्लास्टिक बाटलीच्या प्लास्टिकहून वेगळं असतं, त्यावर डिंक, सिलिकॉन, सुपरग्लू काहीच नीट धरत नाही. दोन दिवस चिकटल्यासारखं वाटतं आणि मग अख्खी गोलाई सोलून निघते. त्यापेक्षा चिकटवायच्या भानगडीत न पडता भोक नळीपेक्षा थोडं लहान पाडायचं. बाहेरून सहा मिलिमीटरची नळी असेल तर भोक पाचचं. ड्रिल हळू फिरवलं की झाकणातून रंगीत भुसा गोल गोल कुरळे होत निघतो, कडा साफ राहते. नळीचं टोक तिरकं कापायचं, झाकण गरम पाण्यात मिनिटभर बुडवायचं, टोक भोकातून घालून आतल्या बाजूने पक्कडीने ओढायचं. ओढताना नळी बारीक होते आणि सोडली की भोकात फुगून बसते. मला हा क्षण फार आवडतो. कुठे एक थेंब गोंद नाही आणि साबणाचं पाणी लावून बघितलं तर एक बुडबुडा नाही. नळी मात्र सिलिकॉनची घेऊ नये. ती मऊ, हाताळायला छान, पण सीओटू तिच्या भिंतीतून आरपार निघून जातो. जरा कडक, पॉलियुरेथेनची नळी बरी.

मोठ्या बाटलीनंतर एक अर्ध्या लिटरची छोटी बाटली असावी. तीही सोड्याचीच, अर्धी पाण्याने भरलेली. मोठीतून येणारी नळी तिच्यात पाण्याच्या तळापर्यंत बुडवायची, टँककडे जाणारी नळी झाकणालगतच संपवायची. फेस चढलाच तर तो इथे अडकतो, पाणी गढूळ होतं आणि आपण सावध होतो. शिवाय बुडबुडे मोजता येतात. दुपारी आणि पहाटे बघितलं तर वेग वेगळा असतो, कारण खोली गार झाली की यीस्ट मंदावतं. गार झाल्यावर वायूही आक्रसतो आणि टँकचं पाणी नळीतून मागे ओढलं जाऊ शकतं, त्यासाठी चेक व्हॉल्व्ह हवा. बाटली टँकच्या खाली असेल तर तो विसरायचाच नाही, नाहीतर सकाळी जमिनीवर तळं.

या पद्धतीची एक गोष्ट मला कायम टोचते. यीस्टला रात्र कळत नाही. दिवे बंद झाले की झाडं सीओटू घेणं थांबवतात, उलट सोडू लागतात, आणि बाटली मात्र तशीच फसफसत राहते. नळी बंद करून ठेवता येत नाही, कारण मग दाब कुठे जाणार? सिलिंडर घेणारे रात्री व्हॉल्व्ह बंद करतात, आपल्याला ते जमत नाही. म्हणून मी रात्री पाण्याचा पृष्ठभाग जरा हलता ठेवते, पाण्यातल्या सीओटूचं प्रमाण रंगाने दाखवणाऱ्या ड्रॉप चेकरमधला रंग सकाळी उठल्या उठल्या बघते. हिरवा असला की हायसं वाटतं. पिवळट झाला की बाटलीतली साखर पुढच्या वेळी कमी. आपण झाडांच्या हौसेसाठी ज्यांच्या पाण्यात हा वायू सोडतो त्या माशांना विचारायची सोय नाही, ही जाणीव कितीही वर्षं टँक ठेवला तरी जात नाही. मोठ्या एका बाटलीपेक्षा दोन मध्यम बाटल्या आठवड्याच्या अंतराने भरणं मला त्यामुळेच पटतं. एक जोरात असते तेव्हा दुसरी उतरणीला लागलेली असते, आणि पाण्यातलं प्रमाण एकदम चढत नाही, एकदम पडत नाही. बाटली पाऊण भरावी. रिकामी जागा फार ठेवली तर दाब चढायला वेळ लागतो आणि बाटली फुटलीच तर धमाकाही मोठा होतो; अगदीच कमी ठेवली तर फेसाला जागा उरत नाही.

हे सगळं मी भाचीला नंतर सांगितलं, तोंडी नाही, दाखवून. तिला बाटली दाबायला दिली. मग झाकण सैल करून पुन्हा दाबायला दिली. "अगं, ही तर सांगते," ती म्हणाली, आणि झाकणाच्या हिशेबाची वही मागून घेतली. ऐंशी किलो आणि चार किलो हे दोन आकडे तिने पुन्हा स्वतः काढून बघितले. तिच्या बरणीत आता मी रोटालाचे छाटलेले शेंडे आणि मॉसचा एक गोळा ठेवला आहे, झाकण उघडं, खिडकीजवळ. काच तिथे अगदी शोभते. प्लास्टिकची बाटली सुंदर आहे असं मात्र मी तिला म्हणाले नाही, कारण मलाही ती सुंदर वाटत नाही. लेबलाचा चिकट पट्टा तेलाने पुसून काढला, कपाटाच्या आत एक फळी आडवी लावली, एवढंच. ती तिथे आहे यामुळे मला झोप शांत लागते, हे तिच्या दिसण्याहून मला मोठं आहे.

बाटली किती दिवस वापरायची याचा माझा नियम साधा आहे. खांद्यावर किंवा पाकळ्यांच्या मधल्या खाचांत पांढुरकी रेघ दिसली, मुरड पडली, चुकून उकळतं पाणी ओतल्याने ती आकसली, किंवा रिकामी असताना उभी राहताना जराही डुगडुगली, की ती बाद. मिश्रणाचं पाणी नेहमी कोमट, हाताला सुखाचं लागेल इतकंच. गरम पाण्याने यीस्ट मरतं आणि बाटलीचे ताणून बसवलेले रेणूही सैल पडतात. बाटलीवर मी मार्करने भरल्याची तारीख लिहिते. बाटली बदलते तेव्हा झाकण मात्र जुनंच ठेवते. त्यात नळी एकदा नीट बसली की ती उपसायची नसते, आणि अशा बहुतेक बाटल्यांचे आटे सारखे असतात, त्यामुळे तेच झाकण नव्या बाटलीवर फिरतं. फिरवल्यावर साबणाच्या पाण्याचा एक हात, थोडा वेळ वाट, आणि बुडबुडा दिसला नाही की कपाट बंद.